मुलाला पोटातून फीडिंग ट्यूब सुचवलीये, घरात नेमकं काय बदलतं?

अबोली_आई
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय चारही कडक, मान धरायला आधार लागतो, फिट्सची औषधं चालू आहेत. बोलत नाही पण कळतं सगळं, आणि आवडीनिवडी तर इतक्या की विचारू नका. खाणं पहिल्यापासून अवघडच होतं पण गेलं वर्षभर फारच झालंय. एक जेवण तासाच्या आत उरकत नाही, अर्धं अंगावर सांडतं, घास तोंडात तसाच धरून बसतो, मधेच ठसका, मग रडणं, मग सगळं उलटून पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तोवर पुढच्या खाण्याची वेळ झालेली असते. वजन वाढत नाहीये, आणि छातीत कफ होऊन अ‍ॅडमिट करणं आता नेहमीचं झालंय.

मागे गिळण्याची तपासणी केली, ती एक्स-रेवर व्हिडिओ काढतात ती. त्यात दिसलं की पातळ काही दिलं की ते श्वासनलिकेत उतरतंय, आणि तेही खोकला न येता, म्हणजे ठसका लागत नाही तेव्हाही आत जातच होतं. डॉक्टरांनी पोटातून ट्यूब सुचवलीये, विचार करून सांगा म्हणाले. ऑपरेशन कसं होतं वगैरे त्यांनी नीट समजावलंय, ते नाही विचारायचं. मला घरातलं विचारायचंय. दिवस कसा जातो, रात्री उठावं लागतं का, शाळेत कोण बघतं, तो तोंडाने खाणं विसरणार का. सासूबाई ऐकूनच रडायला लागल्या, लेकरू तोंडाने खातंय तर पोटाला भोक कशाला पाडताय म्हणाल्या. दुपारचं त्याला कायम त्याच भरवतात, त्यामुळे आपलंच काहीतरी कमी पडलं असं त्यांनी घेतलंय. नवरा म्हणतो करून टाकू. मोठी मुलगी दहा वर्षांची, ती काहीच बोलत नाही, आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसते. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा प्लीज, गोड गोड नको.

रातराणी
ताई, आमच्या मुलीला ट्यूब टाकून चार वर्षं झाली. खरं सांगायचं तर पहिला महिना वाईट जातो. सुरुवातीला पोटातून लांब नळी बाहेर लोंबत असते, ती कपड्यात अडकते, उचलताना ओढली जाते, रात्री झोपेत कुशीखाली येते, सगळा जीव त्या नळीत. मग नळीची आतली वाट नीट पक्की झाली की, साधारण दोन-तीन महिन्यांनी, बटण बसवतात. ते पोटाच्या चामडीला टेकूनच असतं, वरून शर्ट घातला की दिसतही नाही, आणि फीड द्यायच्या वेळेपुरतीच नळी जोडायची. बटण आलं की माणूस जरा श्वास घेतो. (काही ठिकाणी पहिल्यापासूनच बटण बसवतात, विचारून बघा.)

दिवस म्हणाल तर, सिरिंजचा दट्ट्या काढायचा, नळीला जोडायची, फीड ओतायचं आणि हात वर धरून उभं राहायचं, आपोआप उतरतं. घाई करायची नाही, भसकन गेलं की उलटी. वीस मिनिटं अर्धा तास धरा. त्याला बसतं किंवा निदान टेकून ठेवायचं, आणि झाल्यावरही अर्धा पाऊण तास आडवं करायचं नाही. आधी पाणी, नंतर पाणी, औषध दिलं की पुन्हा पाणी, हे पाणी विसरलं की नळी चोंदते. रात्री पंपाने हळूहळू देणारेही आहेत, आम्ही काही महिने केलं, पण तो पंप कशानेही बोंबलायचा, झोप कुणाचीच व्हायची नाही, म्हणून डायटिशियनला विचारून सगळं दिवसा बसवून घेतलं.

भोकाच्या कडेला लालसर ओलं मांस वाढतं ते बघून घाबरू नका, बऱ्याच मुलांना होतं, हात लागला की थोडं रक्तही येतं. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट वगैरे लावतात, बसतं. थोडं झिरपतंही.

आता एक गोष्ट पाठच करून ठेवा. ट्यूब निघून आली तर ती वाट काही तासांतच मिटायला लागते. ऑपरेशनला थोडेच आठवडे झाले असतील तर स्वतः काहीही परत आत घालायचं नाही, वर स्वच्छ गॉज ठेवून थेट हॉस्पिटल, कारण वाट पक्की झालेली नसते आणि नळी पोटाच्या पिशवीत न जाता भलतीकडे जाऊ शकते. जुनी, पक्की झालेली वाट असेल तर काय करायचं हे तुम्हाला आधीच शिकवतात, तेव्हा स्पेअर कायम जवळ पाहिजे. घरात एक, शाळेच्या बॅगेत एक. आणि हे तुम्ही एकटीने शिकू नका, घरातल्या किमान दोघांना आलंच पाहिजे, नाहीतर तुम्हाला ताप आला की सगळं घर थांबतं.

खाणं विसरण्याबद्दल, आमची विसरली नाही. स्पीच थेरपिस्टने तपासून सांगितलं की घट्ट पेस्टसारखं थोडंसं चालेल, तर तेवढंच देतो, चव म्हणून. गंमत म्हणजे पूर्वी चमचा दिसला की तोंड फिरवणारी पोरगी आता आमच्या ताटाकडे बघून तोंड उघडते. पोट आधीच भरलेलं असतं आणि मागे कुणी लागलेलं नसतं ना. पण हे प्रत्येकाच्या तपासणीवर आहे, तुमच्या मुलाला काय चालेल ते थेरपिस्टच सांगणार. दात मात्र रोज घासायचेच, तोंडाने काही जात नसलं तरी. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जाते.

खवचट_बाबा
वरच्या ताईंचं सगळं बरोबर, पण खरं खरं सांगा म्हणालात म्हणून दुसरी बाजू. आमच्या मुलाला ट्यूबनंतर वजन आलं, औषधं वेळेवर जायला लागली, उन्हाळ्यात पाणी कमी पडून फिट्स यायच्या ते थांबलं. पण उलट्या थांबल्या नाहीत, उलट पहिले काही महिने वाढल्या. ट्यूबने पोटातलं वर येणं बंद होत नाही. ज्यांना रिफ्लक्स जास्त असतो त्यांच्यात कधी जठराचा वरचा भाग गुंडाळून घ्यायचं ऑपरेशन सोबत करतात, कधी जठराच्या पुढे आतड्यात नळी नेतात, आणि आतड्यात गेली की सिरिंजने भसाभस देता येत नाही, पंपाला बांधलेलं राहावं लागतं. म्हणून रिफ्लक्सचं काय ते ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या. कफही कमी झाला पण शून्य नाही, लाळ आत जायची ती जातेच, तिचा इलाज वेगळा.

कुणी तुम्हाला 'सिद्ध झालंय' असं म्हणत असेल तर तेवढं सरळ नाहीये. २००५ साली एक अभ्यास आला होता, ट्यूब टाकलेल्या सेरेब्रल पाल्सीच्या ५७ मुलांना वर्षभर बघितलं, वजन चांगलं वाढलं आणि बहुतेक सगळ्या आईवडिलांनी तब्येत सुधारली, भरवायचा वेळ कमी झाला असं सांगितलं. पण अर्ध्यांना ट्यूब आणि अर्ध्यांना नाही अशी चिठ्ठ्या टाकून तुलना त्यात नव्हती, आणि नंतर कोक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) शोधलं तेव्हा त्यांना तशी एकही ट्रायल सापडली नाही. मी विरोधात नाही, आम्ही पुन्हा विचारलं तरी हेच करू. फक्त अपेक्षा मोजून ठेवा. नाकातून नळी घालून काही आठवडे बघता येईल का हेही विचारा, फीड पोटाला मानवतं का, उलट्या किती होतात, ते ऑपरेशनआधीच कळतं. दिसायला वाईट, गालाला चिकटपट्टीचे चट्टे पडतात, पण पोरगं काय सहन करतंय ते समजतं.

मेथीदाणा
फॉलो करतेय, आमच्यापुढेही हाच प्रश्न येऊन ठेपलाय.

मोजूनमापून
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. दोनतीन गोष्टी लिहिते कारण घरी गेल्यावर त्यातच गोंधळ होतो.

वजन शेजारच्या मुलाशी किंवा नेहमीच्या चार्टशी लावू नका. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळे ग्रोथ चार्ट २०११ मध्ये आलेत, मूल किती हालचाल करू शकतं त्या पाच लेव्हलप्रमाणे, आणि सगळ्यात कमी हालचाल असलेल्या लेव्हलमध्ये तर तोंडाने खाणारी आणि ट्यूबवाली अशी वेगळी पानं आहेत. जे मूल चालत नाही त्याला कॅलरी कमी लागतात. ट्यूब आली की आईबापांना वर्षानुवर्षांची भूक भरून काढायची असते, आणि वजन गरजेपेक्षा जास्त वाढवून ठेवतात. मग त्याला खुर्चीत उचलून ठेवणार कोण? कंबर तुमचीच जाते. दर थोड्या महिन्यांनी फीडचा हिशोब पुन्हा करून घ्या.

फिट्सची औषधं. नवीन काही सुरू झालं की प्रत्येक वेळी 'हे ट्यूबमधून चालेल का' विचारायचं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. फेनिटोइन घेत असाल तर ते फीडसोबत दिल्यावर नीट शोषलं जात नाही, त्यासाठी फीड मधे थांबवावं लागतं आणि रक्तातली लेव्हल बघावी लागते. स्वतःच्या मनाने वेळा बदलू नका, न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घ्या.

घरचं जेवण मिक्सरमधून काढून देता येतं का असं पुढे विचाराल म्हणून आधीच सांगते, बरीच कुटुंबं देतात, काही मुलांच्या उलट्या कमीही होतात, पण नळी पुरेशी जाड हवी, अगदी गुळगुळीत झालेलं हवं, आणि पाणी घालून घालून पातळ केलं की पोट भरतं पण कॅलरी जात नाहीत. आमच्यासारख्या कुणालातरी बरोबर घेऊनच करा.

सासूबाईंबद्दल. मोठ्या माणसांनी ही नळी बहुतेक वेळा शेवटच्या आजारपणातल्या पेशंटला लावलेली बघितलेली असते, म्हणून 'आता आशा सोडली' असं त्यांना वाटतं. त्यांना सांगा की दुर्बिणीतून ही नळी बसवायची पद्धत अमेरिकेत क्लीव्हलँडला १९७९ मध्ये पहिल्यांदा वापरली ती एका तान्ह्या बाळावर. ही शोधली गेली तीच मुलांसाठी, म्हातारपणासाठी तिचा वापर नंतर पसरला. आणि २०१७ च्या युरोपियन गाईडलाईनमध्ये तर सरळ म्हटलंय की तोंडाने खाणं धोक्याचं किंवा अपुरं असेल तर शक्यतो मूल खंगायच्या आधीच ट्यूबचा विचार करा.

अबोली_आई
किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. रिफ्लक्सचं आणि नाकातल्या नळीचं मी विचारलंच नव्हतं, लिहून घेतलंय. १९७९ चं सासूबाईंना वाचून दाखवलं, काही बोलल्या नाहीत पण ऐकलं. मुलीचं मात्र काय करू कळत नाहीये. विचारलं तर 'मला काही नाही' म्हणते आणि उठून जाते.

दादा_नं_१
मी आईबाप नाही, मी तो टीव्हीसमोर जाऊन बसणारा मोठा भाऊ आहे, आता तीस वर्षांचा. माझ्या बहिणीला मी अकरा वर्षांचा असताना ट्यूब लागली. मला कुणी काही दाखवलं नव्हतं, दार लावून करायचे, मला त्रास नको म्हणून. मी मनात धरून बसलो होतो की ती हसली किंवा शिंकली तर पोटातलं सगळं त्या भोकातून बाहेर पडेल, म्हणून मी तिला हसवायचंच सोडलं होतं. कुणाला विचारणार? नंतर एका नर्सने बाहुलीवर बटण लावून दाखवलं तेव्हा पाच मिनिटांत विषय संपला. तर काकू, तिला दाखवा. जबरदस्ती नको, पण दार उघडं ठेवा. आणि फीड द्यायचं काम तिच्या नावावर लावू नका, स्वतःहून सिरिंज धरते म्हणाली तर धरू दे, नाही म्हणाली तरी चेहरा पाडू नका.

दुसरं जरा टोचेल. ट्यूबने तुमचे दिवसाचे दोन-तीन तास सुटतील. ते तास कुठे जातात ते ती बघत असणार. आमच्याकडे ते सगळे फिजिओला गेले. बहिणीला फायदा झालाच असेल, पण मला आठवतं की मी वाट बघत होतो.

रातराणी
दादा, हे वाचून मी माझ्या मोठ्याला हाक मारली.

अबोलीताई, सासूबाईंचं काम काढून घेऊ नका एवढंच सांगते. ट्यूब लागली की 'आई आता तुम्हाला भरवायचा त्रास नाही' असं आपण प्रेमाने म्हणतो आणि त्यांना ऐकू येतं की आता तुमची गरज नाही. हॉस्पिटलमध्ये नर्स ट्रेनिंग देतात त्याला त्यांना घेऊन जा. आमच्याकडे सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, मी सिरिंज धरली की पाच मिनिटांत मोबाईल बघते, त्या अर्धा तास तिच्याशी गप्पा मारत उभ्या असतात. थेरपिस्टने तोंडाने थोडी चव द्यायला हो म्हटलं तर तो चमचा त्यांच्याकडेच राहू दे, फक्त किती घट्ट आणि किती चमचे ते थेरपिस्टच्याच तोंडून त्यांना ऐकवा. सुनेने सांगितलं की भांडण होतं.

खवचट_बाबा
+१. आणि शाळेकडून लेखी घ्या, फीड कोण देणार, तो माणूस रजेवर असला तर कोण, ट्यूब निघाली तर फोन कुणाला. तोंडी 'हो हो बघू' वर जाऊ नका. आमच्याकडे त्या 'बघू' पायी बायको घरी बसून होती, शाळा सुरू झाली तरी.

अबोली_आई
आज बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, आधी ते बटण हातात घेऊन बघू दे मला, मग सांगते. पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांनाही नेतोय आणि मुलीला विचारलं तर 'शाळा बुडेल ना मग?' म्हणाली, म्हणजे येणार असं दिसतंय. बाहुलीवर दाखवतात का ते फोन करून विचारते. नाकातली नळी आधी लावून बघायची की नाही ते डॉक्टर त्या दिवशी सांगतील, काय ठरतं ते इथे लिहीन. मेथीदाणा, तुमचं काय चाललंय तेही लिहा.