शेरिलने कंट्री बुडवलं म्हणणाऱ्यांसाठी

सूरपेटी: "बिली शेरिलने व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आणून कंट्री गुळगुळीत केलं, गाण्यातली माती गेली," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. राहवलं नाही. अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या रेकॉर्ड काढणारा हा निर्माता अलाबामाच्या खेड्यातला, बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, वडिलांच्या सभांत पियानो वाजवत वाढलेला. आणि व्हायोलिनं कंट्रीच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, निर्माते ओवेन ब्रॅडली, चेट अ‍ॅटकिन्स यांनी आधीच आणली होती! १९८० चं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' ऐका. गायक जॉर्ज जोन्सला ते फारच रडकं वाटत होतं, शिवाय दारूपायी रेकॉर्डिंग महिनोन्‌महिने रखडलं. शेरिल हटला नाही. त्यातली चढत जाणारी व्हायोलिनं काढा, काय उरतं?

खडकवासी: जोन्सचा आवाज उरतो. तेवढा पुरे आहे. शेरिल मुळात कंट्रीवाला नाहीच, ऱ्हिदम अँड ब्लूजच्या (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ठेकेबाज संगीत) बँडमधला सॅक्सोफोनवाला. चार्ली रिचसारखा जॅझ-ब्लूज मुरलेला पियानिस्ट हाती आला, तर १९७३ मध्ये त्याच्याकडूनही गुळगुळीत 'द मोस्ट ब्यूटिफुल गर्ल' गाऊन घेतलं.

सूरपेटी: आणि ते पॉपच्या यादीतही पहिलं आलं. वर्षानुवर्षं धडपडणाऱ्या रिचला लोकांनी तेव्हा ऐकलं.

मुक्ता_ठाणे: व्हायोलिनांवर भांडताय, शब्दांचं काय? १९६८ चं 'स्टँड बाय युअर मॅन' याच शेरिलने गायिका टॅमी वायनेटसोबत लिहिलं. नवरा कसाही वागो, तू साथ दे! माझ्या मावशीने हाच उपदेश आयुष्यभर ऐकला आणि मार खाल्ला.

सूरपेटी: त्याच वर्षी त्याच टॅमीकडून त्याने घटस्फोटावरचं 'डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई'ही गाऊन घेतलं. ते सोयीस्कर विसरता. तिने स्वतः नवरे सोडले होते.

मुक्ता_ठाणे: ते गाणं त्याने लिहिलेलं नाही, ब्रॅडॉक आणि पटमनचं आहे. लिहायला बसला तेव्हा त्याने काय लिहिलं, ते बघा.

खडकवासी: मुक्ताताई, टॅमीने 'स्टँड बाय युअर मॅन' शेवटपर्यंत अभिमानाने गायलं. बाईला स्वतःचं मत नसतं का?

मुक्ता_ठाणे: असतं. मावशीही अभिमानानेच सांगायची, "मी संसार टिकवला." म्हणून तो मार योग्य ठरत नाही.

सूरपेटी: मावशींबद्दल वाईट वाटलं. पण गाण्याला आरोपी करू नका.

खडकवासी: मूळ मुद्दा राहिला. जोन्सच्या त्या एका गाण्यापुरती व्हायोलिनं मान्य. बाकी शेरिल तुम्हालाच लखलाभ.

मुक्ता_ठाणे: मूळ मुद्दा तुमचा. माझा हाच होता.