प्रॉक्सी फायरवॉलमधून जाणारं कनेक्शन बरोबर ५ मिनिटांनी तुटतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा एक लिनक्स अॅप्लिकेशन सर्व्हर बाहेरच्या एका सेवेला एचटीटीपीएसवर रिक्वेस्ट पाठवतो. मध्ये प्रॉक्सी फायरवॉल आहे, म्हणजे आमच्या वतीने स्वतः बाहेर जोडणी करणारी मध्यस्थ. थेट बाहेर जायची सोय नाही, तिला 'कनेक्ट' आदेश पाठवून टनेल (आरपार मार्ग) उघडायचा आणि त्यातूनच सगळं न्यायचं. छोट्या रिक्वेस्ट दिवसभर बिनबोभाट चालतात. ताळमेळाचा मोठा रिपोर्ट मागितला की पलीकडचा सर्व्हर आकडेमोड करत बराच वेळ गप्प बसतो आणि तेवढ्यात आमच्याकडे 'कनेक्शन रीसेट बाय पीअर' येऊन थडकतं. रिपोर्ट ४ मिनिटांत तयार झाला तर सुखरूप पोचतो. ५ मिनिटांच्या पुढे गेला की हमखास तुटतो.

सेवा देणारे म्हणतात, कनेक्शन क्लायंटनेच बंद केलं, आमच्या लॉगमध्ये तसंच दिसतंय. फायरवॉलची टीम म्हणते, आम्ही काही अडवलेलंच नाही, डिनाय लॉग कोरा आहे. आमच्या कोडमधला टाइमआउट ३० मिनिटांचा आहे, तो मी स्वतः तपासलाय. तिघांपैकी कोणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. पण मग पाणी मुरतंय कुठे? हिशेब बघणारी माणसं या रिपोर्टसाठी ताटकळत बसतात, म्हणून हे लवकर सुटावं अशी मनापासून इच्छा आहे.

कनेक्शन गप्प असताना मधलं कोणीतरी तोडत असेल, हा पहिला संशय. लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्हची, म्हणजे गप्प कनेक्शन जिवंत आहे का हे बघणाऱ्या पॅकेटची, पहिली चाचपणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते. शिवाय प्रोग्रॅमने सॉकेटवर चालू केल्याशिवाय ती होतच नाही. म्हणून ती चालू करून ६० सेकंदांवर आणली. फरक शून्य.

मग आमच्या सर्व्हरवर टीसीपीडम्प (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) लावला. दर ६० सेकंदांनी आमच्याकडून कीपअलाइव्हचं पॅकेट जातं आणि त्याला लगेच एसीके (पोच) येतं, अगदी १ मिलिसेकंदाच्या आत. हे ओळीने चालतं आणि शेवटच्या डेटा पॅकेटपासून ३०० सेकंद झाले की आरएसटी, म्हणजे कनेक्शन तोडणारं पॅकेट. त्या आरएसटीचा टीटीएल (वाटेतल्या प्रत्येक राउटरला एकाने घटणारा आकडा) ६३ आहे आणि कनेक्शन जोडताना प्रॉक्सीकडून आलेल्या सिन-एसीकेचाही ६३च. म्हणजे आरएसटी प्रॉक्सीकडूनच येतंय. पण प्रॉक्सीने ते आपणहून दिलं, की पलीकडून कोणी तोडलं म्हणून आपल्याला कळवलं, हे एवढ्यावरून मला ठरवता येत नाही.

एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) विचार करून झालाय. तो घोटाळा असता तर पहिलं मोठं पॅकेट निघालं की तिथेच गाडी अडली असती. आमचे मोठे अपलोड व्यवस्थित जातात. पोर्ट संपण्याचाही प्रश्न दिसत नाही, कारण नवी कनेक्शनं कधीच नाकारली जात नाहीत.

आणखी एक त्रास आहे, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. छोट्या रिक्वेस्टमध्येही अधूनमधून एखादी पोस्ट (डेटा नोंदवायला पाठवायची) रिक्वेस्ट पाठवल्या क्षणी रीसेट होते. लॉगमध्ये पाहिलं तर दर वेळी त्याच कनेक्शनवरच्या आधीच्या रिक्वेस्टला साधारण सव्वा मिनिट झालेलं असतं.

कीपअलाइव्हला उत्तर येत असूनही कनेक्शन का तुटावं? आणि फायरवॉलच्या टीमकडे नेमकं काय मागू, म्हणजे हा वाद मिटेल?

प्रतिसाद १

तुमच्या डम्पमध्येच अर्धं उत्तर आहे. बाहेरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन एसीके १ मिलिसेकंदात परत येतं का? नाही ना. ते प्रॉक्सीच देतेय. साधी पॅकेट फिल्टर फायरवॉल असती तर तुमचं कीपअलाइव्ह तिच्यातून पार पलीकडे गेलं असतं. प्रॉक्सीमध्ये मात्र दोन वेगळी टीसीपी कनेक्शनं असतात, एक तुम्ही ते प्रॉक्सी आणि दुसरं प्रॉक्सी ते सर्व्हर. तुमचं कीपअलाइव्ह पहिल्यावरच संपतं. त्याला उत्तर देतो प्रॉक्सीच्या मशीनचा कर्नल. वरचा प्रॉक्सी प्रोग्रॅम फक्त डेटाचे बाइट मोजतो, आणि त्याच्या लेखी हे कनेक्शन ३०० सेकंद मेल्यासारखं पडून आहे.

डिनाय लॉग मागू नका. गप्प कनेक्शन बंद करणं म्हणजे अडवणं नव्हे, त्यामुळे ते तिथे येणारच नाही. सेशन संपल्याचा लॉग आणि त्यातलं संपण्याचं कारण मागा. सोबत प्रॉक्सीच्या बाहेरच्या इंटरफेसवरचं कॅप्चर मागा, त्याच वेळेचं. आधी दोन्ही मशीनची घड्याळं एनटीपीने जुळलेली आहेत का ते बघा, नाहीतर दोन कॅप्चर शेजारी ठेवून काही उपयोग नाही. बाहेरून आधी काही आलं नसेल आणि प्रॉक्सीनेच दोन्हीकडे तोडलं असेल तर विषय संपला.

प्रतिसाद २

सव्वा मिनिटाचं दुखणं वेगळं आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये रिकामं एचटीटीपी कनेक्शन उघडं ठेवायची मूळ मुदत ७५ सेकंद असते. पलीकडे तो असणार असा माझा अंदाज. तो कनेक्शन बंद करायला घेतो, त्याच क्षणी तुमचा पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं सांभाळणारा भाग) तेच कनेक्शन उचलून त्यावर रिक्वेस्ट टाकतो आणि दोघांची वाटेत चुकामूक होते. गेट (फक्त माहिती मागणारी) रिक्वेस्ट असेल तर बऱ्याच लायब्ररी गुपचूप पुन्हा पाठवतात. पोस्ट आपोआप पुन्हा पाठवणं धोक्याचं, व्यवहार दोनदा नोंदला जाईल, म्हणून ती चूक तुमच्यापर्यंत येते. उपाय सोपा आहे: पूलमधलं रिकामं कनेक्शन पलीकडच्याच्या आधी तुम्ही टाकून द्या, ४०-५० सेकंदांत.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बाहेरचं कॅप्चर मिळालं. सर्व्हरकडून काहीही आलेलं नाही. ३०० सेकंद भरताच प्रॉक्सीने आत आणि बाहेर एकदमच आरएसटी पाठवलंय, आणि सेशन लॉगमध्ये कारणही 'आयडल टाइमआउट' असंच आहे. सर्व्हरला आरएसटी आमच्या बाजूने आलेलं दिसलं, म्हणून त्यांनी क्लायंटने बंद केलं असं म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं. पूलची मुदत ४५ सेकंद केली आणि तेव्हापासून पोस्टचे रीसेट थांबलेत.

आता अडचण अशी की फायरवॉलची टीम सगळ्यांसाठी मुदत वाढवायला तयार नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धवट सोडलेली कनेक्शनं साठली तर प्रॉक्सीची मेमरी जाते. फक्त या एका सेवेच्या नियमाला वेगळी मुदत लावता येईल का, ते बघून सांगणार आहेत. तोवर आमच्या बाजूने काही करता येईल का?

प्रतिसाद १

करता येईल. दोन्ही कनेक्शनांवरून खरे बाइट वाहायला हवेत, म्हणजे टीसीपीच्या वरच्या थरातून काहीतरी पाठवायला हवं. पलीकडे एचटीटीपी/२ चालत असेल तर त्यात पिंग फ्रेम (जिवंत आहेस का, असं विचारणारा छोटा संदेश) आहे. ती टीएलएसच्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या एन्क्रिप्शनच्या, आत बसून टनेलमधून थेट सर्व्हरपर्यंत जाते, तिचं उत्तरही तसंच येतं, आणि प्रॉक्सीला दोन्ही दिशांनी डेटा दिसतो. एसएसएचमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' प्रॉक्सीतून टिकाव धरतो आणि 'टीसीपी कीपअलाइव्ह' धरत नाही, त्यामागे हेच आहे.

एक अट मात्र आहे. प्रॉक्सी टीएलएस उघडून तपासत असेल तर पिंगलाही तीच उत्तर देईल आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच याल. ओपनएसएसएलच्या 'एस_क्लायंट'ने प्रॉक्सीमार्गे जोडून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. तुमच्याच संस्थेच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं) नाव आलं तर तपासणी चालू आहे.

कायमचा इलाज विचाराल तर उत्तराची वाट बघत कनेक्शन धरून बसणंच सोडा. सेवेने रिपोर्टची मागणी घेऊन लगेच २०२ ('मागणी घेतली, काम चालू आहे' असा कोड) आणि एक पत्ता द्यावा, तुम्ही थोड्या थोड्या वेळाने त्या पत्त्यावर विचारावं. मग मध्ये कोणाचीही, कितीही मुदत असली तरी बिघडत नाही.

प्रश्नकर्ता

सर्टिफिकेट त्या सेवेचंच निघालं, म्हणजे या पत्त्यापुरती तपासणी नाही. एचटीटीपी/२ही चालतंय. पिंग १२० सेकंदांवर लावलं आणि ५ मिनिटांवरचा रिपोर्ट पहिल्यांदा पूर्ण उतरला. २०२ च्या पद्धतीबद्दल सेवा देणाऱ्यांना लिहिलंय. एकच विचारायचं राहिलं: काही सर्व्हर फार पिंग आले तर 'गो-अवे' देऊन कनेक्शन बंद करतात असं वाचलंय. १२० सेकंदांना एक, एवढ्याने तशी वेळ कोणावर आली आहे का?

प्रतिसाद २

एचटीटीपीचे नेहमीचे सर्व्हर एवढ्याला हरकत घेत नाहीत. पलीकडे जीआरपीसी (एचटीटीपी/२ वर चालणारी, दूरच्या प्रोग्रॅमला हाक मारायची पद्धत) असेल तर मात्र जपून. तिथे मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांच्या आत वारंवार येणारे पिंग जास्त समजतात आणि 'टू मेनी पिंग्ज' म्हणून कनेक्शन तोडतात. तसं असेल तर त्यांच्याकडून परवानगीची मुदत २ मिनिटांच्या खाली आणून घ्या, कारण तुमची प्रॉक्सी ५ मिनिटांवरच तोडतेय.