८ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर एवढा जीव का?

मंद्रसप्तक:
घरात गाणं ऐकायला १०० वॉट लागतात, ही समजूत दुकानदारांनी रुजवली आहे. व्हॉल्व्ह म्हणजे अ‍ॅम्पमध्ये (अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) आवाजाचा सिग्नल वाढवणारी काचेची नळी; ट्रान्झिस्टर नंतर आला. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा ३००बी हा व्हॉल्व्ह १९३८ सालचा. सिंगल-एंडेड अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे जिथे पूर्ण ध्वनिलहर एकच व्हॉल्व्ह सांभाळतो, तो एकटा जेमतेम ८ वॉट देतो, आणि असल्याच तुटपुंज्या वॉटांवर त्या काळी अमेरिकेतली छोटी थिएटरं चालायची. जपानी हौशी मंडळींनी हे व्हॉल्व्ह पुढे उचलून धरले ते उगाच नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं रेकॉर्डिंग त्यावर ऐका. बुवा समोर बसलेत असं वाटतं. ट्रान्झिस्टरवर सगळं स्वच्छ येतं, पण कोरडं.

ओहमचा_नियम:
हे 'समोर बसणं' मोजता येतं हो. फीडबॅक (बाहेर पडणारा सिग्नल थोडा परत आत घेऊन चूक सुधारणं) नसलेल्या अशा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा त्याचा आतला अडथळा, बऱ्याचदा २-३ ओहम असतो. स्पीकरचा इम्पीडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा, त्यामुळे आवाजही तसतसा वरखाली होतो. थोडक्यात, तुम्ही बटण नसलेला टोन कंट्रोल घेतलाय! भरीला सेकंड हार्मोनिक डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येची भेसळ. मूळ स्वर सा असेल तर ते तार सा म्हणूनच येतं, म्हणून खटकत नाही. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन अ‍ॅम्प बनवणाऱ्याने आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पशी जुळवून दाखवला, तेव्हा 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांना फरक ओळखता आला नव्हता.

मंद्रसप्तक:
पण नक्कल करावीशी वाटली ती व्हॉल्व्हचीच ना? आणि तो अ‍ॅम्प चांगला दांडगा होता, ८ वॉटचा नव्हे. विषय वेगळा.

ओहमचा_नियम:
विषय तोच. जुळवता येतं, म्हणजे काचेत काही गूढ नाही. आवडतं म्हणा, माझी हरकत नाही. 'खरा आवाज' म्हणू नका.

हॉर्नवाले_काका:
तुम्ही दोघं अ‍ॅम्पवरच अडलात, स्पीकरचं कोणी बोलेना. ८६ डीबीच्या स्पीकरला (म्हणजे एका वॉटला एका मीटरवर ८६ डेसिबल आवाज देणाऱ्या) ८ वॉट दिले तर एका मीटरवर ९५ डीबी, संपलं. तबल्याची थाप सरासरीच्या कितीतरी वर उसळते, तिथे अ‍ॅम्प धापा टाकतो. १०० डीबीच्या हॉर्नला (कर्ण्यासारख्या तोंडाच्या स्पीकरला) तेच ८ वॉट १०९ पर्यंत नेतात, आणि एरवी तो अर्ध्या वॉटच्या आतच वाजतो. डिस्टॉर्शनही तिथे अगदी कमी. मंद्रसप्तक ज्याला व्हॉल्व्हची किमया म्हणतात, त्यातला मोठा वाटा हॉर्नचा आहे, असं माझं स्पष्ट मत. अडचण एकच, हे स्पीकर कपाटाएवढे असतात. घरच्यांची परवानगी आधी काढा.

सानिका_पुणे:
माझे स्पीकर ८७ डीबीचे, खोली दहा बाय बारा. घेऊ का? घरात लहान मूल आहे.

हॉर्नवाले_काका:
या स्पीकरवर नको. आणि व्हॉल्व्ह तापतो, आत ३००-४०० व्होल्ट खेळतात. जाळी असलेलाच बघा, तोही उंचावर ठेवा.

ओहमचा_नियम:
व्हॉल्व्हच हवा असेल तर ईएल८४ या छोट्या व्हॉल्व्हचा पुश-पुल अ‍ॅम्प घ्या, त्यात दोन व्हॉल्व्ह ध्वनिलहर वाटून घेतात. १२-१५ वॉट मिळतील, व्हॉल्व्हही स्वस्त.

मंद्रसप्तक:
पुश-पुलमध्ये तुमचं ते सेकंड हार्मोनिक बरंचसं कटतं. मग ट्रान्झिस्टरच काय वाईट? सानिकाताई, आधी स्पीकर बदला, अ‍ॅम्पचं नंतर बघू.

ओहमचा_नियम:
चला, काकांचा मुद्दा पटला तर!