आवाज कमी करा, संगीत नको असं नाही

क्रूझ जहाजावर पूलजवळ मोठ्याने संगीत वाजवावं का, यावर 'पूलजवळचं संगीत बंदच करा' आणि 'शांतता हवी तर केबिनमध्ये बसा' अशी दोन मतं वाचली; ही दोन्ही मला पटली नाहीत. आमच्या क्रूझवर सकाळी एक जण स्टीलपॅन वाजवायचा, मूळचं त्रिनिदादचं वाद्य. लोक पाण्यात उभे राहूनच ताल धरायचे, इतकं गोड! दुपारी डीजे आला की मात्र शेजारच्या खुर्चीवरच्या बायकोशीही ओरडून बोलावं लागे. टेबलावरच्या ग्लासातलं सरबत थरथरताना दिसायचं. स्पीकरपासून जरा लांबची खुर्ची धरा, खरंच फरक पडतो. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर 'सेरेनिटी' हा फक्त प्रौढांसाठीचा शांत डेक आहे. बुकिंगआधी डेकचा नकाशा जरूर बघा.