मदत हवी आहे (तातडीने!): मोटरहोमची पाण्याची टाकी रात्रीत आपोआप रिकामी होते

पेटीबिस्तरा | सोमवार, रात्री ९.१२

घाईत लिहितेय, शुद्धलेखन पोटात घाला. आम्ही दोघं भाड्याच्या मोटरहोमने फिरतोय, सध्या ब्राशोवजवळ एका कॅम्पसाइटवर आहोत. गेल्या दोन रात्री टाकी काठोकाठ भरून झोपतो आणि सकाळी नळाला थेंब नाही. गाडीखाली मागच्या चाकाजवळ हे एवढं डबकं. आज सकाळी तर तोंडात पेस्टचा फेस आणि नळ नुसता फुसफुसतोय. नवऱ्याने बॅटरी घेऊन गाडीखाली पालथं पडून बघितलं, कुठेही तडा नाही. आणि गंमत म्हणजे दिवसा एक थेंबसुद्धा गळत नाही!

गाडीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, बुखारेस्टला वर्कशॉप आहे, तिथे दाखवा. ते इथून पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि आम्हाला जायचंय नेमकं उलट, सिबियूकडे.

कुणाला असा अनुभव आहे का? प्लीज लवकर सांगा. व्हिसा आणि प्रवासाचा आराखडा यांवरचे सल्ले नंतर घेईन.

---

सातारकर | रात्री ९.२०

भाऊ, ब्राशोव कुठं आलं? गाडी कुठली? टाकी केवढी? काहीच लिहिलं नाही, लोकांनी काय पंचांग बघून सांगायचं?

---

गवंडीकाका | रात्री ९.२६

केसाएवढी चीर असणार. टाकी भरली की वजनाने उघडते आणि रिकामी झाली की मिटते, म्हणून दिसत नाही. एम-सील मळून बाहेरून थापा, चार तास हात लावू नका. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला मी स्वतः लावलंय, नऊ वर्षं झाली, थेंब नाही. प्लंबर अडीच हजार मागत होता.

---

पेटीबिस्तरा | रात्री ९.३५

@सातारकर, भाऊ नाही, ताई. ब्राशोव रोमानियात. गाडी फियाटच्या ड्युकाटो व्हॅनवर बांधलेली, साडेतीन टनी. टाकी १०० लिटरची, आत पलंगाखाली आहे.

@गवंडीकाका, काका, भाड्याची गाडी आहे. एम-सील थापलेलं दिसलं तर डिपॉझिटवर पाणी सोडावं लागेल. आणि चीर असती तर दिवसा का नाही गळत? दिवसाही भरलेलीच असते की.

---

परदेशी_पाटील | रात्री ९.४१

पाण्याचं राहू द्या, आधी हे बघा. रोमानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर हंगेरीत परत घेणार नाहीत. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय.

---

स्वरा_म्युनिक | रात्री ९.४८

पाटील, मित्र कधी गेला होता? रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५पासून जमिनीच्या सीमांवरही पूर्ण शेंगेनमध्ये आहेत. विमानतळ आणि बंदरं त्याआधी, मार्च २०२४पासून. आता हंगेरीतून रोमानियात जाताना शिक्काच बसत नाही. आणि तिने व्हिसाबद्दल विचारलेलंच नाही, उलट नको म्हणून लिहिलंय.

---

परदेशी_पाटील | रात्री ९.५५

माहिती दिली, पटली तर घ्या. शेंगेनबाहेरच्या सर्बियामार्गे परत येणार असाल तर मात्र माझा मुद्दा लागू होतो.

---

इंजिनदादा | रात्री १०.०२

ताई, नीट उत्तरं द्या, एकेक करून.
पाणी गाडीखाली नेमकं कुठून पडतं, टाकीच्या खालून की दुसरीकडून?
पंप कुठल्या प्रकारचा? नळ उघडल्यावर टाकीतला पंप चालू होतो, की बाहेर प्रेशर पंप आहे?
रात्री पंपाचं बटण बंद करता का?
हीटर कुठला, आणि रात्री चालू असतो का?
बाहेर तापमान किती?

---

पेटीबिस्तरा | रात्री १०.१९

किती प्रश्न! मुद्दा टाकीचा आहे, हीटरचा नाही. हीटर व्यवस्थित आहे. पण सांगते.

पाणी टाकीच्या खालून नाही, थोडं मागे एक बोटभर जाडीची पांढरी नळी खाली डोकावते, तिथून. पंप बाहेरचा असावा, नळ सोडला की घुर्रर करतो. बटण बंद करत नाही, कशाला करायचं? काल रात्री दीडच्या सुमारास बराच वेळ घूंऽऽ आवाज येत होता, आम्हाला वाटलं फ्रिज.

हीटर रात्री बंद ठेवतो, कारण गॅस पुरवायचाय. जर्मनीतला ११ किलोचा करडा सिलिंडर आहे, तो इथे बदलून मिळत नाही. एक संपला, दुसरा चालू आहे. अजून परतीचा सगळा रस्ता बाकी. दोन रजया घेऊन झोपतो.

तापमान माहीत नाही. सकाळी समोरच्या काचेवर बर्फाची खरपुडी असते, ती एका सुपरमार्केटच्या कार्डाने खरवडतो. बाकी कॅम्पवाल्या आजोबांना विचारलं तर ते गाडीच्या पोटाकडे बोट दाखवून नुसते "फ्रॉस्ट, फ्रॉस्ट" करतात. त्यांना थोडं जर्मन येतं, मलाही येतं, थंडी आहे हे आम्हालाही कळतंय!

---

निवांत | रात्री १०.२७

आजोबांनी उत्तर दिलंय आणि तुम्ही त्यांना हवामान खातं समजताय. 😄

टाकी शाबूत आहे. तुमच्या हीटरमध्ये दहा लिटरचा गरम पाण्याचा बंब असतो. त्याला एक फ्रॉस्ट व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्हजवळचं तापमान साधारण ३ अंशांच्या खाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बंबातलं पाणी त्या पांढऱ्या नळीतून बाहेर सोडतो, म्हणजे आत बर्फ होऊन बंब फुटू नये. वीज नाही, सेन्सर नाही, तो स्वतःच उघडतो. एरवी दहाच लिटर जातं. पण तुमचा पंप चालू. व्हॉल्व्ह उघडला, दाब गेला, पंपाला वाटलं कुणीतरी नळ सोडलाय. तो रात्रभर इमानेइतबारे टाकी उपसत बसला. दीड वाजताचा तो घूंऽऽ फ्रिज नव्हता.

दिवसा ऊन असतं, गाडी चालते, हीटर चालतो, म्हणून गळत नाही.

---

इंजिनदादा | रात्री १०.३१

हेच लिहीत होतो, म्हणूनच हीटर विचारला होता. निवांत यांनी बाजी मारली.

आता उपाय. हीटरच्या आसपास, बहुतेक पलंगाखालच्या किंवा बाकड्याखालच्या कप्प्यात, एक फिरकी आणि तिच्याशेजारी एक बटण सापडेल. फिरकी वळवून बटण दाबून बसवायचं. पण तिथे ७ अंशांच्या वर तापमान गेल्याशिवाय ते बटण बसत नाही, दाबलं की टुणकन बाहेर येतं. जोर करू नका. बंब रिकामा असला तरी खोली गरम करायला हीटर चालतो, तेव्हा आधी गाडी तापवा, कप्प्याचं झाकण उघडं ठेवा, अर्ध्या तासाने दाबा. मग पाणी भरा.

---

भटकभवानी | रात्री १०.३८

एवढा खटाटोप कशाला? कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या, बटण आत दाबून त्याच्या मानेला चिमटा लावून टाका. बाहेर येऊच शकत नाही. युरोपातले निम्मे लोक हेच करतात. मी स्लोव्हाकियात तात्रा पर्वताच्या पायथ्याशी चार रात्री काढल्या चिमट्यावर.

---

इंजिनदादा | रात्री १०.४४

कृपया हा सल्ला देऊ नका. तो व्हॉल्व्ह दाब वाढला तर सोडण्यासाठीही असतो, नुसता थंडीसाठी नाही. हीटर बंद ठेवून चिमटा लावला आणि पाणी आत गोठलं तर बंब चिरतो. मग डिपॉझिट जाईल आणि वर बिल येईल.

---

भटकभवानी | रात्री १०.४९

आम्ही रात्रभर हीटर चालू ठेवत होतो. मी काही बिनडोक नाही.

---

इंजिनदादा | रात्री १०.५१

हीटर रात्रभर चालू असेल तर कप्पा गरमच राहतो, चिमट्याची गरजच काय?

---

भटकभवानी | रात्री १०.५३

ज्याचं जळतं त्याला कळतं. जाऊ द्या.

---

चहाटळ | रात्री १०.५८

या वादात चिमट्याचं नाक दाबलं जातंय. 🙂

पेटीबिस्तरा ताई, ब्रानचा किल्ला बघितलात का? आणि एवढी सगळी ट्रिप साधारण कितीला पडते? आम्हीही पुढच्या वर्षी म्हणतोय, मी, ही, आणि सासूबाई.

---

स्वरा_म्युनिक | रात्री ११.०४

रात्री हीटर लावायला गॅसची चिंता असेल तर एक विचारते. कॅम्पवर वीज घेतली आहे का? किती अँपिअर? आणि हीटरच्या पॅनेलवर प्लगचं चिन्ह दिसतं का? काही मॉडेल्समध्ये हीटर विजेवरही चालतो, ९०० किंवा १८०० वॉटवर. मग गॅस वापरायचाच नाही.

---

पेटीबिस्तरा | रात्री ११.१३

वीज आहे, ६ अँपिअर, निळा प्लग. हे आधी लिहायला हवं होतं का? आम्ही ती फक्त इंडक्शनसाठी वापरतो, कुकर लावायला. तोही दोनदा ट्रिप झाला, आजोबांना अंधारात यावं लागलं. पॅनेलवर प्लगचं चिन्ह आहे! आम्हाला वाटलं ते मोबाइल चार्जिंगचं.

---

निवांत | रात्री ११.१७

६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॉट. हीटर ९००वर ठेवा, १८०० लावलंत की आजोबा परत अंधारात. आणि कुकर लावताना हीटर बंद, किंवा कुकर गॅसवर. दोन्ही एकदम नाही.

---

रंकाळा | रात्री ११.२६

विषय निघालाच आहे तर, रोमानियापेक्षा पोलंडला जा. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बायका-मुलंच जास्त. आजी सांगायची, ती माणसं बाजारात आली की मोडकंतोडकं मराठी बोलायची. परदेशात गाडी घेऊन फिरायचं तर असं काहीतरी बघावं, किल्ले काय, आपल्याकडे कमी आहेत का.

---

सातारकर | रात्री ११.२९

पोलंडात पाणी गळत नाही वाटतं.

---

घाटातला_बस_ड्रायव्हर | रात्री ११.४०

सिबियूकडे जाताय तर एक. ट्रान्सफगराशानच्या नादाला लागू नका. तो घाट २,०४२ मीटरपर्यंत चढतो आणि माथ्याकडचा भाग साधारण नोव्हेंबरपासून जूनपर्यंत बंदच असतो, बर्फ लवकर पडला तर त्याआधीही. खालच्या जंगलात अस्वलं रस्त्यावर येऊन बसतात. बिस्किटं टाकू नका, काच खाली करू नका. साध्या राष्ट्रीय रस्त्याने जा. त्यालाही रोव्हिनिएता (रस्ता वापरायचा पास) लागतो, नुसत्या एक्सप्रेसवेला नाही. घेतला आहे ना?

टायर बघा. बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चित्र आहे का? रोमानियात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

---

पेटीबिस्तरा | रात्री ११.५२

रोव्हिनिएता सीमेवरच घेतला. टायरवर चित्र आहे, आत्ताच बाहेर जाऊन बघून आले, पायात नुसत्या चपला.

हंगेरीत मात्र आम्ही हायवेच्या टोलपासची डी१ श्रेणी घेतली होती, कार म्हणून. तीही ऑनलाइन, कुणी काही म्हटलं नाही. ठीक आहे ना?

---

स्वरा_म्युनिक | रात्री ११.५८

अगं नाही. मोटरहोमला डी२ लागते, साडेतीन टनी असली तरी. कॅमेरे नंबर प्लेट वाचतात, रस्त्यात कुणी थांबवत नाही, म्हणून "कुणी काही म्हटलं नाही". दंडाचं पत्र गाडीच्या मालकाकडे जातं आणि भाड्याने देणारे त्यावर आपला हिशोब लावून तुम्हाला पाठवतात. परतताना तरी डी२ घ्या, आणि जातानाच्या पावत्या टाकून देऊ नका.

---

पेटीबिस्तरा | रात्री १२.०१

आज हे ऐकायचंच नव्हतं.

---

परदेशी_पाटील | रात्री १२.०६

म्हणून म्हणतो, कागदपत्रं आधी.

---

पेटीबिस्तरा | मंगळवार, सकाळी ८.४४

अपडेट. काल रात्रीच हीटर ९०० वॉटवर लावला. नवऱ्याने पलंगावरची गादी उभी केली, खालची फळी काढली. खाली धूळ, एक कुणाचा तरी जुना मोजा, आणि हीटरच्या बाजूला ती फिरकी आणि बटण! बटण बाहेर आलेलं होतं, अगदी इंजिनदादा म्हणाले तसं. पहिल्यांदा दाबलं तर परत बाहेर. मग गरम पाण्याची पिशवी तिच्याशेजारी ठेवून आम्ही दोघं गादी उभी धरून वीस मिनिटं बसलो, कारण दुसरीकडे टेकवायला जागाच नाही. नंतर बटण टक करून बसलं. पंप बंद करून झोपलो.

सकाळी बाहेर उणे ३, आत १३, गाडीखाली कोरडं ठणठणीत. नळाला पाणी. तेही कोमट!

आजोबांना जाऊन सांगितलं, फ्रॉस्ट. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग घरात नेऊन पलिंका (फळांची कडक दारू) पाजली. सकाळी आठला. नवरा अजून खुर्चीतच आहे, त्यामुळे सिबियू दुपारी.

निवांत, इंजिनदादा, स्वरा, मनापासून आभार. भटकभवानी, चिमटा नाही लावला, पण पिशवीची कल्पना तुमच्यामुळेच सुचली.

---

गवंडीकाका | सकाळी ९.०२

अभिनंदन. तरी एम-सीलचं एक पाकीट जवळ ठेवा, प्रवासात लागतं.

---

इंजिनदादा | सकाळी ९.१०

छान. फक्त आता गाडी हलवाल तेव्हा वीज तुटेल. चालत्या गाडीतही मागे थंडी असते, पुढे ब्लोअर असला तरी कप्प्यात पोचत नाही. चालताना पंप बंदच ठेवा. सिबियूला पोचल्यावर आधी फळी काढून बटण बघा, मग टाकी भरा.

---

चहाटळ | सकाळी ९.३१

ताई, खर्चाचं राहिलं. आणि सासूबाईंना पलंगाखाली हीटर असलेला चालेल का, त्यांना उष्णतेचा त्रास आहे.