मदत हवी आहे : 'रिस्क'मधील पराभवांतून शिकावे कसे?

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे 'रिस्क' हा जग जिंकण्याचा पटावरचा खेळ खेळतो आणि गेल्या 6 डावांपैकी 5 मी हरलो आहे. प्रत्येक पराभवानंतर मी वहीत टिपण करतो, परंतु त्यातून नेमका धडा कोणता घ्यावा, हे उमगत नाही.

मागील रविवारचेच पाहा. पटावरील आशियातल्या सयाम या प्रदेशातून येणारी एकच वाट असलेला ऑस्ट्रेलिया खंड माझ्या ताब्यात होता आणि तो पूर्ण हाती असल्याचे 2 जादा सैनिक दर फेरीला मिळत होते. तरीही 12 प्रदेशांचा आशिया पूर्ण जिंकल्यास मिळणारे 7 जादा सैनिक डोळ्यांसमोर ठेवून मी सयाममधील फौज पुढे नेली आणि आशियातल्याच इर्कुत्स्क या प्रदेशातील 4 सैनिकांवर 9 सैनिकांनिशी केलेला हल्ला संपला, तेव्हा माझ्याकडे अवघे 2 उरले होते. समान दान पडल्यास बचाव करणारा जिंकतो, हे खरे; पण हल्ला करणाऱ्याचे 3 आणि बचाव करणाऱ्याचे 2 फासे असताना पारडे हल्ला करणाऱ्याकडेच किंचित झुकते. मग हा फाशांचा दोष, की माझ्या घाईचा? धाकट्या भावाच्या मते हल्ला योग्य होता, सयाम उघडे टाकणे चुकले. मला ते पटते, कारण पुढच्याच फेरीत त्याच वाटेने ऑस्ट्रेलिया गेला.

दुर्दैव आणि चुकीचा निर्णय वेगळे ओळखता यावेत, यासाठी अनुभवी खेळाडू डाव संपल्यावर काय लिहून ठेवतात? ऑस्ट्रेलियानंतर आशियात कधी शिरावे, हेही कृपया सविस्तर सांगावे.