पत्रिकेसाठी झॅपफिनोच्या जोडीला शोभेल असा मराठी फॉन्ट हवाय, मदत करा

नमस्कार मंडळी, ताईचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलाकडचे बरेच जण अमराठी, म्हणून एक बाजू इंग्लिश, एक मराठी. इंग्लिशला झॅपफिनो लावलाय, मॅकवर आयताच असतो, हर्मान झाप्फ या जर्मन कॅलिग्राफरचा, लिनोटाइपने १९९८ साली काढलेला, त्याच्या लांब शेपट्या बघून घरचे जाम खूश, पण मराठी बाजू त्याच्यापुढे सरकारी नोटिशीसारखी दिसतेय. त्यात फोटोशॉपमध्ये ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ मधला प्र फुटतो, प चा पाय मोडून र वेगळाच उभा. प्रेसवाले काका म्हणतात आमच्या फॉन्टमध्ये परत टाइप करू, पण तो युनिकोड नाही, म्हणजे माझा मजकूर त्यात तसाच चिकटवता येत नाही, आणि नव्याने टाइप करताना एखाद्या आत्याचं नाव चुकलं तर मला गावात फिरता येणार नाही. बजेट शून्य आहे, फुकटातला फॉन्ट सुचवा प्लीज.

प्रतिसाद – बोरूबहाद्दर
प्र फुटतो त्यात फॉन्टचा दोष नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, जुन्या व्हर्जनला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. मग नवीन फाइल उघडून बघा. आणि प्रेसला देताना सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या, काकांच्या विंडोजवर झॅपफिनो नसणारच.
फॉन्ट म्हणाल तर गूगल फॉन्ट्सवर अमिता बघा, मराठी-इंग्लिश दोन्ही आहे, वळणदार आहे. मला स्वतःला ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा जैनी जास्त आवडतो, कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांवरून केलाय, पण तो भारदस्त आहे, नाजूक नाही. फक्त मराठी अक्षर झॅपफिनोसारखं तिरकं करायला जाऊ नका हो, बोरूचा काप वेगळा, जाड-बारीक वेगळ्या जागी पडतं, शिरोरेषा उतारावर लावल्यासारखी दिसते.

प्रतिसाद – ऑफसेटवाला
वरच्यांशी सहमत. अजून एक, इंग्लिश नावं सगळी कॅपिटलमध्ये टाकू नका, स्क्रिप्ट फॉन्टची कॅपिटलं शेजारी शेजारी आली की शेपट्या एकमेकांत अडकतात, काही वाचता येत नाही. अक्षरांतलं अंतरही वाढवू नका, मराठीत शिरोरेषा तुटते. सोनेरी फॉइल करणार असाल तर बारीक रेघा उडतात, तेव्हा पत्ता आणि मुहूर्त मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये ठेवा, नक्षी फक्त नावांना.

धागाकर्ता
प्र जुळला!! धन्यवाद. अमितात ‘चि. सौ. कां.’ मस्त दिसतंय, जैनी आईला आवडला, आता घरात त्यावरून वाद चालू आहे. फॉइलला रेघ किमान किती जाड लागते, पॉइंटमध्ये कुणी सांगेल का? काका नुसतं ‘बघू’ म्हणतात.